फाइल आहे, पण फाइल नाही

माणसाने लिहिलेला मजकूर घेऊन त्यातून यंत्राला समजेल अशी फाइल तयार करणे हे कंपायलरचे काम. या फाइलीला एक्झिक्यूटेबल म्हणतात, म्हणजे चालवता येण्याजोगी. ती चालतेच असे नाही. ज्या यंत्रावर ती जन्मली तेथे बहुधा चालते. शेजारच्या यंत्रावर, त्याच जातीच्या सिस्टिमच्या थोड्या नव्या किंवा थोड्या जुन्या आवृत्तीवर नेली की ती पाय मुडपून बसते. मग दोन माणसांत एक ठरलेला संवाद होतो.

“माझ्याकडे तर चालतंय,” लिहिणारा म्हणतो.

“माझ्याकडे नाही चालत,” चालवणारा म्हणतो.

“तुमच्याकडे काही बदललंय का?”

“काहीच नाही. फक्त परवा सिस्टिम अपडेट केली.”

युनिक्सला पन्नासहून अधिक वर्षे झाली. एवढ्या काळात यंत्रे बदलली, कंपन्या आल्या आणि बुडाल्या, फायलींचे साचे मोडून नवे घडवले गेले. हा संवाद मात्र शब्दाला शब्द तसाच आहे. याचे कारण यंत्रात थोडे आणि माणसांत फार सापडते. सर्वांसाठी एकच पद्धत असावी यावर या क्षेत्रात कधीच मतभेद नव्हता. ती आपली असावी, यावरही नव्हता.

फाइल चालवायला घेण्यापूर्वी कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, तिचे पहिले काही बाइट वाचतो. तेथे ठरावीक आकडा असावा लागतो. त्याला मॅजिक नंबर असे भारदस्त नाव आहे. १९७१ च्या पहिल्या युनिक्समध्ये हा आकडा अष्टमान पद्धतीत ०४०५ होता, पुढे तो ०४०७ झाला. तो कोणी पंचांग पाहून काढलेला नाही. पीडीपी-११ या यंत्राच्या भाषेत ०४०७ हा चक्क हुकूम आहे: पुढचे सात शब्द ओलांडून उडी मार. फाइलीच्या माथ्यावर आठ शब्दांचे हेडर असे. पहिला शब्द हा हुकूम आणि उरलेल्या सातांत प्रोग्रॅमची मापे. यंत्राने डोळे मिटून अगदी पहिल्या शब्दापासून सुरुवात केली तरी ते मापांवरून उडी मारून बरोबर खऱ्या प्रोग्रॅमवर उतरे. हेडर सहा शब्दांचे होते तेव्हा पाचच ओलांडायचे असत, म्हणून तेव्हा ०४०५. ओळखही झाली आणि वाटही दाखवली गेली, तीही दोन बाइटांत. ज्या काळी मेमरी किलोबाइटांत मोजत, त्या काळची ही काटकसर.

पुढे कर्नल शहाणा झाला. तो हेडर आधीच वाचून बाजूला ठेवू लागला आणि उडीची गरज उरली नाही. आकडा मात्र राहिला. युनिक्स व्हॅक्स यंत्रावर गेले; तेथे ०४०७ चा अर्थ उडी असा मुळीच नव्हता. आकडा तरीही राहिला. श्राद्धाच्या दिवशी मांजर दुधात तोंड घालते म्हणून आजोबांनी ते टोपलीखाली झाकले, आणि नातवाने श्राद्धाला खास शेजाऱ्यांकडून मांजर मागवून टोपलीखाली झाकले, तसा हा प्रकार. या मांजराला पिलेही झाली: प्रोग्रॅमचा मजकूर अनेकांनी वाटून वापरायचा असेल तर ०४१०, हुकूम आणि माहिती वेगवेगळ्या खोल्यांत ठेवायची असेल तर ०४११, आणि बर्कलीच्या युनिक्समध्ये गरजेपुरती पाने आणायची असतील तर ०४१३.

या फायलींचे नाव ए.आउट. केन थॉम्पसनने पीडीपी-७ साठी असेम्ब्लर लिहिला. त्यातून जे बाहेर पडे ते ए.आउट नावाच्या फाइलीत जाऊन पडे, म्हणजे असेम्ब्लरचे आउटपुट. तेव्हा लिंकर, म्हणजे प्रोग्रॅमचे तुकडे जोडणारा प्रोग्रॅम, नव्हता. असेम्ब्लरमधून निघाले की काम संपले. पुढे लिंकर आला, शेवटची फाइल तो बनवू लागला, पण नाव असेम्ब्लरचेच चालू राहिले. मग तेच नाव फाइलीच्या साच्यालाही मिळाले. मग साचा गेला आणि नाव पुन्हा एकटे उरले. आज लिनक्सवर नाव न सांगता प्रोग्रॅम कंपाइल केला तर ए.आउट नावाची फाइल तयार होते, आणि तिच्या पोटात ए.आउट साच्याचा लवलेशही नसतो. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.

या नावाची सर्वांत मोठी वस्ती इंजिनिअरिंग कॉलेजांच्या लॅबमध्ये आहे. सबमिशनच्या आठवड्यात एकच विद्यार्थी एकाच फोल्डरमध्ये दहा प्रोग्रॅम कंपाइल करतो. प्रत्येकाचे फळ ए.आउटमध्येच पडते आणि आधीच्याला पुसून टाकते. मग तोंडी परीक्षा सुरू होते.

“लिंक्ड लिस्टचा प्रोग्रॅम दाखव.”

“हा बघा, सर.” ए.आउट चालते. पडद्यावर मॅट्रिक्सचा गुणाकार येतो.

“हे काय?”

“सर, आउटपुट बरोबर आहे. प्रोग्रॅम दुसरा आहे.”

फाइल एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेताना पहिला खोडा बाइटांच्या क्रमाचा होता. दोन बाइटांचा आकडा मेमरीत ठेवताना काही यंत्रे मोठा भाग आधी ठेवतात, काही लहान भाग. दोघांचेही म्हणणे असे की हेच निसर्गतः बरोबर. पीडीपी-११ हे लहान भाग आधी ठेवणारे. त्यावरची अक्षरे उलट्या वळणाच्या यंत्राने वाचली की जोडीजोडीने जागा बदलत. त्यामुळे ‘युनिक्स’ या चार रोमन अक्षरांचे ‘नक्सी’ होई, आणि त्या क्षेत्रात या दुखण्याला ‘नक्सी प्रॉब्लेम’ असेच नाव पडले. नव्या देशात पाऊल टाकताच स्वतःचे नाव चुकीचे सांगणारी दुसरी सिस्टिम शोधून सापडणे कठीण.

ऐंशीच्या दशकात युनिक्सची दोन घरे झाली होती. एक एटी अँड टीचे, दुसरे बर्कली विद्यापीठाचे. शिवाय दोघांकडून शिधा घेऊन वेगळी चूल मांडणाऱ्या कंपन्या होत्या. एटी अँड टीने सिस्टिम फाइव्ह या आवृत्तीत ए.आउट बाजूला सारून कॉफ हा नवा साचा आणला. कॉफचा विस्तार कॉमन ऑब्जेक्ट फाइल फॉरमॅट, म्हणजे सर्वांचा समाईक. समाईक वस्तूचे जे होते तेच झाले. आयबीएमला तो आवडला, फक्त थोडी दुरुस्ती हवी होती. तिने एआयएक्स या आपल्या युनिक्ससाठी एक्सकॉफ केला. मिप्स कंपनीलाही तो आवडला. तिने ईकॉफ केला, आणि डेकच्या अल्ट्रिक्सने तो उचलला. मायक्रोसॉफ्टलाही आवडला, विंडोज एनटीसाठी त्यातून पीई निघाला, तोच आजही प्रत्येक विंडोज प्रोग्रॅमच्या पोटात आहे. समाईक साच्याच्या इतक्या खासगी आवृत्त्या निघाल्या की एकाची फाइल दुसऱ्याला वाचता येऊ नये, एवढी एकच गोष्ट सर्वांत समाईक राहिली.

पीईच्या बाबतीत तर आणखी गंमत आहे. त्या फाइलीच्या सुरुवातीला आजही ‘एमझेड’ ही अक्षरे असतात. ती मार्क झ्बिकोव्स्की या डॉसच्या काळातल्या अभियंत्याच्या नावाची आद्याक्षरे. पाठोपाठ डॉसचा एक चिमुकला प्रोग्रॅम असतो, आणि हा प्रोग्रॅम डॉसमध्ये चालणार नाही एवढेच सांगून तो बंद होतो. डॉस जाऊन जमाना झाला, पण दारावर पाटी आहे: येथे डॉस राहत नाही.

कॉफमध्ये तोकडेपणाही होता. विभागाच्या नावाला आठ अक्षरांची जागा. वाटून वापरायच्या लायब्ऱ्यांची सोय अडचणीची. म्हणून एटी अँड टी आणि सन या कंपन्यांनी मिळून सिस्टिम फाइव्हची चौथी आवृत्ती काढायचे ठरवले आणि तिच्यासाठी एल्फ हा साचा घडवला. सर्व युनिक्स एकत्र आणणारी ही आवृत्ती १९८८ मध्ये जाहीर झाली. ती सर्वांना एकत्र आणणार हे कळताच त्याच वर्षी आयबीएम, डेक, एचपी वगैरे मंडळींनी तिच्याविरुद्ध एकत्र येऊन ओपन सॉफ्टवेअर फाउंडेशन स्थापन केले. एकीच्या प्रयत्नातून दोन तट पडले, आणि दोन्हींच्या जाहिरातींत खुलेपणा ओसंडून वाहत होता.

एल्फ साचा मात्र चांगला निघाला. आरंभी १२७ हा आकडा, मग ई, एल, एफ ही अक्षरे, मग बाइटांचा क्रम कोणता, यंत्र किती बिटांचे, कोणत्या जातीचे, ही सगळी कुंडली हेडरमध्येच. एल्फ या नावाचे परीकथांतले खुजे जीव असतात म्हणून डीबगिंगच्या माहितीच्या साच्याला ड्वॉर्फ, म्हणजे बुटका, असे नाव दिले गेले. अभियंत्यांचे विनोद येथे संपतात आणि ग्राहकांचे हाल सुरू होतात.

सनच्या ग्राहकांकडे तोवर सनओएस ४ ही बर्कली वळणाची सिस्टिम होती. तिच्यात ए.आउट होते, आणि सी कंपायलर फुकट सोबत येई. १९९२ मध्ये सोलारिस २ आले: सिस्टिम फाइव्ह वळण, एल्फ साचा. जुने प्रोग्रॅम चालावेत म्हणून जुळवणीचे वेगळे पॅकेज होते. ज्यांनी लायब्ऱ्या वाटून घेतल्या होत्या ते प्रोग्रॅम त्यावर चालत, आणि कोणावर अवलंबून राहायचे नाही म्हणून सगळे स्वतःच्या पोटात घेऊन बसलेले स्वावलंबी प्रोग्रॅम अनेकदा अडत. ठीक आहे, नव्याने कंपाइल करू, असे म्हणून माणूस कंपायलरकडे वळे. कंपायलर आता वेगळा विकत घ्यायचा होता. जुन्या जागी कंपायलरच्या नावाची एक फाइल ठेवलेली असे. ती चालवली की उत्तर येई: लँग्वेज ऑप्शनल सॉफ्टवेअर पॅकेज नॉट इन्स्टॉल्ड. सी भाषेत लिहिलेल्या सिस्टिमवर सी भाषा ऐच्छिक विषय झाली होती.

“कंपायलर आहे का?”

“आहे की. हे बघा, फाइल आहे.”

“मग चालवा.”

“चालवला. तो म्हणतो, मी नाही.”

लिनक्सची सुरुवात ए.आउटनेच झाली. तेथे वाटून वापरायच्या प्रत्येक लायब्ररीला मेमरीत कायमचा पत्ता नेमून दिलेला असे. दोन लायब्ऱ्यांनी एकच पत्ता घेतला तर भांडण, म्हणून कोणाचा पत्ता कोणता याची नोंद ठेवावी लागे. लायब्ररी वाढली की शेजाऱ्याच्या हद्दीत शिरे. सहकारी गृहसंस्थेच्या पार्किंगचे सगळे प्रश्न सॉफ्टवेअरात उभे राहिल्यावर १९९५ च्या सुमारास लिनक्सने एल्फ स्वीकारले. बर्कलीच्या घरातल्या फ्रीबीएसडीने ते १९९८ मध्ये स्वीकारले, ओपनबीएसडीने सामान्य पीसीवर २००३ मध्ये. लिनक्समधून ए.आउटची सोय काढण्याची सुरुवात २०१९ मध्ये झाली आणि पीसीच्या यंत्रांपुरती ती २०२२ मध्ये कायमची निघाली. वापरणारा कोणी आहे का हे पाहण्यात मधली पंचवीस वर्षे गेली. एखादा असेलही, ही भीती कोणत्याही माणसापेक्षा दीर्घायुषी असते.

आता सर्वांचा साचा एक झाला. म्हणजे सर्वांच्या फायली बाहेरून सारख्या दिसू लागल्या, आणि अडचण तेथेच सुरू झाली. फ्रीबीएसडीने लिनक्सचे प्रोग्रॅम चालवण्याची सोय केली. पण पुढ्यात आलेली एल्फ फाइल आपली की लिनक्सची, हे ओळखायचे कसे? हेडरमध्ये सिस्टिमचे नाव लिहायला बाइट होता, पण लिनक्सच्या कंपायलरने तो शून्यच ठेवला, आणि शून्याचा अर्थ सिस्टिम फाइव्ह. शेवटी फ्रीबीएसडीने ब्रँडएल्फ नावाचे हत्यार काढले. ते फाइलीवर शिक्का मारते: ही लिनक्सची. जिची जात कळत नाही अशी फाइल आली तर तिला कोणाची समजायचे याचीही वेगळी सेटिंग आहे. आजही लिनक्सवरच्या बहुतेक फायलींची चौकशी केली तर उत्तरात सिस्टिम फाइव्ह असा उल्लेख येतो. जन्म एकीकडे, दाखला दुसरीकडचा, आणि काम दोघांवाचून चालू.

साच्याचे भांडण मिटले की भांडण आत सरकते. लिनक्सवरचा जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅम फाइल उघडणे, अक्षर छापणे असल्या कामांसाठी सी लायब्ररीचे तोंड पाहतो. बहुतेक ठिकाणी ती लायब्ररी म्हणजे जीलिबसी. तिच्यात प्रत्येक फंक्शनला आवृत्तीची चिठ्ठी लावलेली असते, आणि जुने प्रोग्रॅम नव्या लायब्ररीवर चालतील याची ती पुष्कळ काळजी घेते. नवे प्रोग्रॅम जुन्या लायब्ररीवर चालतील याची हमी कोणीच देत नाही. म्हणजे नव्या यंत्रावर बसून, दहा वर्षांपूर्वीही जसाच्या तसा लिहिता आला असता असा दोन ओळींचा प्रोग्रॅम कंपाइल करावा, तो जुन्या सर्व्हरवर न्यावा, आणि सर्व्हरने सांगावे: जीलिबसी २.३४ सापडली नाही. दोन ओळींनी काही नवे मागितलेले नसते. पण २०२१ च्या त्या आवृत्तीत प्रोग्रॅम सुरू करून देणाऱ्या फंक्शनलाच नवी चिठ्ठी लागली. त्यामुळे काहीही न करणारा प्रोग्रॅमही, काही न करण्यासाठी, नवीच लायब्ररी मागतो.

अशा चिठ्ठ्यांमागे कहाण्या असतात. मेमरीचा तुकडा एका जागेहून दुसरीकडे नेणारे मेमसीपीवाय हे फंक्शन घ्या. दोन जागा एकमेकींवर चढलेल्या असतील तर ते वापरू नये, असे सी भाषेचा नियम पूर्वीपासून सांगतो. तरीही वापरले तर काय होईल, हे नियम सांगत नाही. आणि वर्षानुवर्षे काहीच होत नव्हते, म्हणून नियम पुस्तकात आणि वापर बाजारात असे दोघेही सुखाने नांदत होते. २०१० मध्ये जीलिबसीने वेग वाढवण्यासाठी नव्या प्रोसेसरांवर उलट दिशेने नकला करायला सुरुवात केली. फेडोरा १४ हे लिनक्स वापरणाऱ्यांच्या कानांत ॲडोबी फ्लॅशचे व्हिडिओ खरखरू लागले. लायब्ररीवाल्यांचे म्हणणे, चूक फ्लॅशची. ते खरे होते. लिनक्सचा जनक लिनस टोरव्हाल्ड्स याचे म्हणणे, लोकांना व्हिडिओ ऐकायचे आहेत, चूक कोणाची याच्याशी त्यांना काय देणे? हेही खरे होते. शेवटी २०११ च्या २.१४ आवृत्तीत ६४ बिटी इंटेल वळणाच्या यंत्रांसाठी मेमसीपीवायला नवी चिठ्ठी लागली. जुन्या प्रोग्रॅमांना जुनी, सांभाळून घेणारी वागणूक. नव्यांना नियमावर बोट. तेव्हापासून नव्या यंत्रावर कंपाइल करून प्रोग्रॅम जुन्यावर नेणारे २.१४ हा आकडा झोपेतही ओळखत.

कंपायलरची कथा याहून निराळी नाही. सी प्लस प्लस या भाषेत एकाच नावाची अनेक फंक्शने असू शकतात, म्हणून फंक्शन कोणत्या वस्तू घेते याची खूण नावात मिसळून कंपायलर ते नाव लांबवतो. पूर्णांक घेणारे ‘जमा’ नावाचे फंक्शन लिहिले, तर जीसीसी या कंपायलरची २.९५ ही आवृत्ती त्याला ‘जमा’, दोन अधोरेषा, एफ, आय असे म्हणे. २००१ च्या जीसीसी ३ पासून तेच झाले अधोरेषा, झेड, चार, ‘जमा’, आय. यातला चार म्हणजे ‘जमा’तली रोमन अक्षरे. जुन्या कंपायलरने बनवलेली लायब्ररी आणि नव्याने बनवलेला प्रोग्रॅम जोडायला घेतले की लिंकर सांगतो, ‘जमा’ नावाचे कोणी येथे राहत नाही. ते समोरच उभे असते, फक्त बारशाच्या वेळी पुरोहित दुसरा होता.

या दोन आवृत्त्यांच्या मधे २.९६ हा आकडा येतो, आणि त्याचा किस्सा स्वतंत्र आहे. सप्टेंबर २००० मध्ये रेड हॅट लिनक्स ७ बाजारात आले आणि त्यात जीसीसी २.९६ होता. पुढच्याच महिन्यात जीसीसीच्या सुकाणू समितीने जाहीर केले की अशी आवृत्ती आम्ही काढलेलीच नाही. तो आकडा प्रयोगशाळेत चालू असलेल्या कामाचा होता. रेड हॅटने ते काम मधेच उचलून, दुरुस्त करून बाजारात आणले होते. त्याने बनवलेले सी प्लस प्लस प्रोग्रॅम मागच्या २.९५ शी जुळत नव्हते आणि पुढे येणाऱ्या ३ शीही जुळणार नव्हते. मागच्या-पुढच्या दोघांशीही अबोला धरण्याची किमया एकाच आवृत्तीने साधली. शिवाय कर्नलसाठी त्यावर भरवसा ठेवता येईना, म्हणून त्याच सीडीवर कर्नलपुरता एक जुना कंपायलर वेगळा दिलेला होता. सिस्टिमचा अधिकृत कंपायलर सिस्टिम सोडून बाकी सगळे कंपाइल करी.

जीसीसी ३.२ मध्ये, म्हणजे २००२ साली, जुळणीतल्या उरलेल्या चुका दुरुस्त झाल्या, दुरुस्तीमुळे ३.१ शी जुळणी गेली. ३.४ मध्ये पुन्हा लायब्ररीचा आकडा बदलला. मग पुष्कळ वर्षे शांतता होती. २०१५ च्या जीसीसी ५ ने नव्या नियमाप्रमाणे अक्षरमालेची, म्हणजे स्ट्रिंगची, रचना बदलली. जुन्यांना त्रास नको म्हणून जुनी स्ट्रिंग आणि नवी स्ट्रिंग एकाच लायब्ररीत नांदू लागल्या. दोघींचे नाव लिहिणाऱ्याला एकच दिसते. लिंकरला मात्र त्या सवती आहेत हे पक्के ठाऊक असते.

न जुळण्यापेक्षा मोठे दुःख न जुळल्याचे निरोप देतात. चौसष्ट बिटांच्या लिनक्सवर बत्तीस बिटांचा जुना प्रोग्रॅम चालवायला घेतला तर निरोप येतो: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी. अशी फाइल नाही. पुण्यातल्या एखाद्या कचेरीतून परदेशातल्या ग्राहकाकडे बसलेल्या मराठी सहकाऱ्याशी रात्री अकराला होणारे फोन याच निरोपावरून सुरू होतात.

“सर, फाइल कॉपीच झालेली नाही.”

“झाली आहे. लिस्ट काढून बघ.”

“लिस्टमध्ये दिसतेय.”

“मग चालव.”

“चालवली. म्हणतंय, अशी फाइल नाही.”

“परमिशन बघ.”

“सगळ्या दिल्यात. पण नसलेल्या फाइलला परमिशन देऊन काय फायदा, सर?”

खरे कारण असे. लायब्ऱ्या वाटून वापरणाऱ्या प्रत्येक एल्फ प्रोग्रॅमच्या फाइलीत तिला उभे करून देणाऱ्या दुसऱ्या एका प्रोग्रॅमचा पत्ता लिहिलेला असतो, त्याला लोडर म्हणतात. चौसष्ट बिटांच्या यंत्रावर बत्तीस बिटांचा लोडर नसतो, कोणी मुद्दाम आणून ठेवल्याशिवाय. कर्नल लोडर शोधतो, तो सापडत नाही, आणि कर्नल प्रामाणिकपणे सांगतो की फाइल नाही. कोणती, हे तो सांगत नाही. त्याच्याकडे त्रुटीसाठी एक आकडा असतो, वाक्य नसते. आणि तो आकडा शेल, म्हणजे आज्ञा वाचणारा प्रोग्रॅम, हातातल्या फाइलीच्या नावाला चिकटवून मोकळे होते. विंडोजवर लिहिलेली स्क्रिप्ट आणली तरी हेच. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत ती कोणी वाचायची त्याचे नाव असते, आणि विंडोज ओळीच्या शेवटी एक अदृश्य अक्षर जास्तीचे सोडते. कर्नल त्या अक्षरासकट नावाचा प्रोग्रॅम शोधतो. असा प्रोग्रॅम जगात नसतो. पडद्यावर दिसणारे नाव बरोबर असते, म्हणून माणूस ते दहादा पुन्हा टाइप करतो, विंडोजवरच.

परक्या प्रोसेसरची फाइल आणली तर निरोप वेगळा. इंटेलच्या यंत्रावरचा प्रोग्रॅम एआरएमच्या छोट्या यंत्रावर चालवला की कर्नल तो चक्क नाकारतो. येथवर ठीक. पण काही शेलांना जुनी शिकवण असते: कर्नलने नाकारलेली फाइल ही साधी स्क्रिप्ट असावी, आपण वाचून पाहू. मग शेल यंत्रभाषेतली फाइल ओळीओळीने वाचू लागते. पहिल्या ओळीला म्हणते, एल्फ नावाची आज्ञा सापडत नाही. पुढे एखादा कंस लागतो, तेव्हा म्हणते, येथे कंस अपेक्षित नव्हता. मधेच बाणासारखे चिन्ह आले तर ते आज्ञा समजून विचित्र नावाची रिकामी फाइलही निर्माण करते. मग काही जण त्या कंसाचा शोध घेत स्वतःच्या मूळ प्रोग्रॅममधले कंस मोजत बसतात. ते सगळे जुळलेले असतात.

मॅजिक नंबरवरही सदैव विसंबता येत नाही. ॲपलच्या मॅकवर, आणि तीही प्रमाणपत्र असलेली युनिक्सच आहे, एकाच फाइलीत अनेक प्रोसेसरांसाठीचे प्रोग्रॅम एकत्र बांधता येतात. अशा गाठोड्याचा मॅजिक नंबर षोडशमान पद्धतीत लिहिला की ‘कॅफेबेब’ असे वाचता येते. नेमका हाच आकडा जावाच्या क्लास फायलींचाही आहे. फाइल कोणाची हे सांगणारी ‘फाइल’ नावाची आज्ञा मग पुढचा आकडा पाहते. ॲपलच्या गाठोड्यात तेथे प्रोसेसरांची संख्या असते, ती छोटी. जावामध्ये आवृत्तीचा आकडा असतो, तो चाळिशीच्या पुढचा. आकडा लहान तर ॲपल, मोठा तर जावा. एका फाइलीत पन्नास प्रकारचे प्रोसेसर कोणी कोंबणार नाही, या विश्वासावर ही व्यवस्था बेतलेली आहे.

उपायांची यादी यापेक्षा लहान आहे. एक, सर्व लायब्ऱ्या प्रोग्रॅमच्या पोटात भरणे. फाइल फुगते, पण कोणाच्या दारात उभे राहावे लागत नाही. त्यात जीलिबसी असेल तर नाव-पत्ता शोधण्यासारख्या काही कामांना ती तरीही चालत्या यंत्रावरची आपलीच आवृत्ती मागते, एवढे सोडून. दोन, कंटेनर: प्रोग्रॅमबरोबर त्याला हवी ती सगळी सिस्टिमच बांधून पाठवणे. २०१३ मध्ये डॉकर आल्यापासून हा मार्ग रूढ झाला, आणि दोन मेगाबाइटांचा प्रोग्रॅम कित्येक शे मेगाबाइटांच्या लवाजम्यासह प्रवास करू लागला. हा लवाजमा हलका करण्यासाठी बरेच जण अल्पाइन ही छोटी सिस्टिम घेतात. तिची सी लायब्ररी वेगळी, लोडर वेगळा. बाहेर कंपाइल केलेला प्रोग्रॅम तेथे नेला की निरोप येतो, अशी फाइल नाही.

तिसरा उपाय सर्वांत जुना आणि सर्वांत भरवशाचा: ज्या सर्वांत जुन्या सिस्टिमवर प्रोग्रॅम चालायला हवा, तिच्यावरच कंपाइल करणे. नवी लायब्ररी जुन्यांना सांभाळून घेते, म्हणून हा प्रोग्रॅम पुढे सगळीकडे चालतो. त्यासाठी कचेरीच्या कोपऱ्यात एक जीर्ण यंत्र जपलेले असते आणि त्यावर ‘बंद करू नये’ असा कागद चिकटवलेला असतो. कागद कोणी लावला हे माहीत असलेला माणूस कंपनी सोडून गेलेला असतो. पायथनच्या मंडळींनी तर या कोपऱ्यातल्या यंत्राला प्रमाणाचा दर्जा दिला. लिनक्सच्या बहुतेक जातींवर चालतील अशी तयार मॉड्यूले कशी बनवावीत याचे पहिले प्रमाण २०१६ मध्ये ठरले, त्याचे नाव मेनीलिनक्स १. ते सांगे की मॉड्यूल सेंटओएस ५ वर कंपाइल करावे. सेंटओएस ५ ही २००७ सालची सिस्टिम, आणि प्रमाण ठरल्यावर सव्वा वर्षात तिची देखभालही थांबली. जगातली नवीकोरी पायथन मॉड्यूले त्यानंतरही काही वर्षे त्याच निवृत्त सिस्टिमच्या प्रतिमेवर तयार होत राहिली, आणि ती सगळीकडे चालली.